राजर्षी शाहू महाराज आणि शेताचं पाणी

शाहू महाराज म्हटलं की आपल्याला वसतिगृहं, मोफत शिक्षण आणि 1902 चा 50 टक्के आरक्षणाचा जाहीरनामा आठवतो. परीक्षेतही तेच विचारतात. पण या राजाला शेतीचं वेड होतं, ते पुस्तकात दोन ओळींत संपतं.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि 1894 मध्ये कारभार हाती घेतला. दोनच वर्षांत दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग आला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, विहिरी-तलावांची कामं काढून लोकांच्या हाताला काम दिलं.

इथे आपल्या जिल्ह्याची गंमत बघा. गगनबावडा-राधानगरीकडे पाऊस असा कोसळतो की चार महिने भाताशिवाय फारसं काही उभं राहत नाही. वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या मुळाशी पाणी साचलं की रोप कुजतं. भाजीला खरं बरं हवामान पावसानंतरचं, आणि तेव्हाच विहिरी तळ गाठायला लागतात. पाणी होतं, पण ते नदीतून वाहून जायचं. ते अडवलं तरच ऊस, भाजीपाला, फळबाग उन्हाळ्यात तग धरणार, हे महाराजांनी ओळखलं.

म्हणून त्यांनी भोगावती नदीवर धरण बांधायचं ठरवलं. 1909 मध्ये काम सुरू झालं. तिथं वसवलेल्या गावाला मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं, तेच राधानगरी. जलाशय झाला लक्ष्मी तलाव, महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावाचा. एका छोट्या संस्थानाने एवढं मोठं धरण हाती घेणं म्हणजे धाडसच!

नुसतं पाणी देऊन ते थांबले नाहीत. पन्हाळ्याच्या डोंगरात त्यांनी चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले. पाऊस भरपूर, उतार असल्यामुळे पाणी साचत नाही, मग इथे का नको, असा सरळ हिशोब. हे मळे पुढे टिकले नाहीत, पण माझ्या मते करून बघणारा राजा महत्त्वाचा. गुळाला भाव मिळावा म्हणून शाहूपुरीची बाजारपेठ उभी केली. शेतकऱ्याला नवी अवजारं डोळ्यांनी बघता यावीत म्हणून 1912 मध्ये किंग एडवर्ड ॲग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट काढली.

धरणाचं मात्र पैशाअभावी अडलं. 1918 मध्ये भिंत साधारण 40 फुटांवर आली आणि काम थांबलं. 6 मे 1922 रोजी मुंबईत महाराज गेले, तेव्हा वय जेमतेम 47. पूर्ण धरण त्यांना बघायला मिळालंच नाही. ते स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. आता पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की कोल्हापूरकर आधी पंचगंगेचं पाणी किती चढलं ते बघायला धावतात.