खिळे घासणारा मुलगा झाला ‘निर्णयसागर’चा धनी

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावात आज लग्नपत्रिका छापायची झाली तर संगणकाच्या पडद्यावर हवा तो फॉन्ट निवडला, की काम भागते. अक्षर लहान-मोठे करणे हा क्षणाचा खेळ झाला आहे. परंतु दीडशे वर्षांपूर्वी देवनागरीतील प्रत्येक अक्षर धातूत ओतावे लागे, हाताने घासावे लागे आणि एकेक उचलून ओळीत बसवावे लागे. त्या काळी छापील देवनागरी अक्षराला देखणेपणा आणि नेमकेपणा मिळवून देणाऱ्यांत जावजी दादाजी चौधरी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. स्वतःची अवजारे स्वतः घडवून त्यांच्या बळावर स्वतंत्र प्रकाशनसंस्था उभारणारा हा कर्तबगार माणूस आज मात्र विस्मृतीत गेला आहे.

जावजींचा जन्म १८३९ मध्ये मुंबईत झाला. घरची परिस्थिती बेताची असल्याने शालेय शिक्षण नाममात्रच झाले. वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी त्यांना मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नोकरी धरावी लागली. काम होते खिळे घासण्याचे आणि पगार महिना दोन रुपये. तेथील खिळे ओतण्याचा कारखाना टॉमस ग्रॅहम या निष्णात कारागिराच्या हाताखाली चालत असे. मराठी खिळे आकाराने लहान व सुबक करण्याचे प्रयत्न याच कारखान्यात झाले होते. जावजींची खरी शाळा हीच ठरली.

खिळा घासणे हे काम वरवर क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात सगळी छपाई त्यावर अवलंबून असे. प्रथम पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरून ठसा तयार करीत. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला, की अक्षराची खोलगट प्रतिमा उमटे. ती साच्यात बसवून वितळलेला, मुख्यतः शिशाचा मिश्रधातू ओतला, की खिळा तयार होई. मात्र त्याच्या कडा गुळगुळीत आणि अंगठेवण सारखी नसेल, तर ओळ वाकडी होई, अक्षरे वरखाली नाचत आणि कागदावर शाई कमीजास्त उमटे. केसभर फरक राहिला तरी पान बिघडे. लहान वयातच जावजींच्या बोटांना या सूक्ष्म फरकाची जाण आली.

देवनागरीचे काम तर इंग्रजीपेक्षा कितीतरी कठीण होते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, अनुस्वार आणि असंख्य जोडाक्षरे यांमुळे एकेका आकाराच्या संचात काही शे वेगवेगळे खिळे लागत. अक्षराच्या वरची आणि खालची चिन्हे नेमक्या जागी बसावीत, ती छपाईच्या दाबाखाली तुटू नयेत आणि तरीही ओळी फार विरळ होऊ नयेत, अशी तिहेरी कसरत करावी लागे. संस्कृत ग्रंथ छापताना ही अडचण आणखी वाढे. एक रफार निसटला तरी अर्थाचा अनर्थ होण्याचा धोका असे.

मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘इंदुप्रकाश’ अशा छापखान्यांत काम करून अनुभव गाठीशी बांधला. पगार वाढत होता, हाताला कामही होते. अशा वेळी गरिबीतून वर आलेल्या माणसाने नोकरी सोडणे धाडसाचे होते. परंतु १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. या कामी त्यांना राणोजी रावजी आरू या मित्राची मोलाची साथ लाभली. आरू हे ठसे कोरण्यात अत्यंत निपुण होते. एकाची नजर आणि दुसऱ्याचा हात यांतून जे खिळे तयार झाले, त्यांना इतर छापखान्यांकडूनही मागणी येऊ लागली.

पाच वर्षांनी, १८६९ मध्ये, जावजींनी ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला. या नावाचे पंचांग घरोघर पोहोचले. छापील धार्मिक पुस्तकांविषयी सनातनी समाजाच्या मनात तेव्हा अढी होती. ती दूर करण्याचे काम १८३१ मध्ये छापील पंचांग काढणाऱ्या गणपत कृष्णाजींनी आधीच आरंभिले होते. शुद्ध आणि सुबक छपाईच्या जोरावर जावजींनी ते पुढे नेले. हस्तलिखित पोथीइतका विश्वास छापील पोथीवर बसला, यात ‘निर्णयसागर’चा वाटा मोठा आहे.

केवळ गिऱ्हाइकाचे काम छापून देण्यावर जावजींनी समाधान मानले नाही. कोणते ग्रंथ लोकांसमोर यावेत, याचा विचार ते स्वतः करू लागले. मुलांसाठी विनायक कोंडदेव ओक यांच्या संपादनाखाली १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक निघाले. १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ ही मालिका सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादन सांभाळले. अनेक दुर्मिळ संस्कृत काव्ये हस्तलिखितांतून बाहेर येऊन अभ्यासकांच्या हाती माफक किमतीत पडू लागली. याच जोडीने संपादित केलेला ‘कथासरित्सागर’ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या मराठी कवितेसाठी वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली ‘काव्यसंग्रह’ही निघाला. कसर लागून नष्ट होऊ शकणाऱ्या पोथ्यांना त्यामुळे दीर्घायुष्य लाभले.

या सर्व उद्योगामागे एक साधे सूत्र दिसते. खिळे दुसऱ्याचे असते, तर मोठे संस्कृत ग्रंथ काढण्याचा धोका पत्करणे जावजींना अवघड गेले असते. स्वतःचा कारखाना असल्याने हवे ते जोडाक्षर घडवता येई, झिजलेले खिळे वितळवून नवे ओतता येत आणि किंमतही आवाक्यात ठेवता येई. शुद्धतेसाठी पंडितांची मदत घ्यायची आणि सुबकतेसाठी कारागिराला मान द्यायचा, ही त्यांची रीत होती. स्वतः फारसे न शिकलेल्या या माणसाने विद्वानांना काम करण्यासाठी हक्काचे ठिकाण दिले.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५३ वर्षांच्या आसपास होते. त्यांच्यामागे पुत्र तुकाराम जावजी आणि पुढे पांडुरंग जावजी यांनी ही परंपरा चालविली. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली ‘चरकसंहिता’ १९४१ मध्ये ‘निर्णयसागर’नेच प्रसिद्ध केली.

गेल्या शतकाच्या अखेरीस शिशाचे खिळे मोडीत निघाले आणि त्यांची जागा संगणकाने घेतली. मात्र ‘निर्णयसागर’च्या जुन्या आवृत्त्यांची पाने जशीच्या तशी घेऊन आजही पुनर्मुद्रणे निघतात. महिना दोन रुपयांवर खिळे घासणाऱ्या मुलाच्या कारखान्यात घडलेली ती अक्षरे संस्कृतचे आणि आयुर्वेदाचे विद्यार्थी अजूनही वाचत आहेत.