आडोल्फ मेन्त्सेल : चित्रशाळेची भिंत

प्रशियाच्या राजवैभवाचा चित्रकार म्हणून आडोल्फ मेन्त्सेल (१८१५–१९०५) याची हयातीत ख्याती झाली. परंतु त्याच्या कलावृत्तीचा खरा ठाव ज्या चित्रांत लागतो, त्यांत ना राजा आहे, ना दरबार. ती चित्रे त्याच्या राहत्या खोलीची आणि चित्रशाळेच्या भिंतीची आहेत.

मेन्त्सेलचा जन्म ८ डिसेंबर १८१५ रोजी ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे झाला. वडील शिळामुद्रणाचा व्यवसाय करीत. १८३० मध्ये कुटुंब बर्लिनला आले आणि दोनच वर्षांत वडील निवर्तले. सोळा वर्षांच्या मुलावर छापखान्याचा व घराचा भार पडला. १८३३ मध्ये त्याने कला अकादमीत अल्पकाळ शिक्षण घेतले. एरवी तो स्वयंशिक्षितच राहिला. त्याची उंची जेमतेम साडेचार फूट होती. तो अविवाहित राहिला व पुढे बहीण एमिलीच्या कुटुंबासमवेत राहू लागला. फ्रांत्स कूग्लरने लिहिलेल्या फ्रेडरिक द ग्रेटच्या चरित्रासाठी (१८४०–४२) त्याने सुमारे ४०० चित्रे रेखाटली आणि त्यांनी त्याला प्रसिद्धी मिळवून दिली.

याच काळात तो स्वतःपुरती काही निराळी चित्रे काढीत होता. १८४५ मधील सज्जाच्या खोलीच्या चित्रात उघडे दार, वाऱ्याने फुगलेला पडदा, एक आरसा व दोन खुर्च्या आहेत. माणूस मात्र नाही. फ्रेडरिकच्या बासरीवादनाचे दीपोज्ज्वल दरबारी चित्र त्याने १८५२ मध्ये पूर्ण केले. त्याच वर्षी चित्रशाळेच्या भिंतीचे एक लहान चित्रही त्याने रंगविले. त्यात भिंतीवर टांगलेल्या प्लॅस्टरच्या हातांवर कृत्रिम प्रकाश पडलेला आहे.

वीस वर्षांनी, १८७२ मध्ये, तो पुन्हा याच विषयाकडे वळला. तांबूस, काळवंडलेल्या भिंतीवर प्लॅस्टरची मस्तके, धडे आणि मुखवटे दाटीने लावलेले आहेत. प्रकाश खालून येतो, सावल्या वर चढतात आणि निर्जीव प्लॅस्टरला अस्वस्थ करणारी सजीवता लाभते. चित्रशाळा रंगविताना चित्रकार बहुधा स्वतःला, आपल्या चित्रफलकाला किंवा मान्यवर अभ्यागतांना स्थान देतात. मेन्त्सेलने हे सारे वगळून केवळ अभ्यासाची साधने ठेवली. जिवंत चेहऱ्यांवरून घेतलेले मुखवटे आणि मृत्युमुखवटे येथे एकाच भिंतीवर, एकाच उजेडात आहेत. मनुष्यदेहाचे अवयव न्याहाळण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या एकाकी माणसाचे हे आत्मचित्रच म्हणावे लागेल. त्याच वर्षी त्याने पोलादी रूळ तयार करणाऱ्या कारखान्याचे भव्य चित्र हाती घेतले. १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चित्रात राबणारे, अंग धुणारे व जेवणारे कामगार त्याने त्याच निर्विकार एकाग्रतेने टिपले.

१८९८ मध्ये ब्लॅक ईगल हा प्रशियाचा सर्वोच्च सन्मान लाभून तो सरदारपदास पोहोचला. ९ फेब्रुवारी १९०५ रोजी बर्लिनमध्ये त्याचे निधन झाले. अंत्ययात्रेत सम्राट दुसरा विल्हेल्म स्वतः सहभागी झाला होता. त्याच वर्षी बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात त्याच्या कृतींचे विशाल प्रदर्शन भरले. ज्या खाजगी चित्रांना त्याने स्वतः फारसे महत्त्व दिले नव्हते, त्यांच्याकडे तेव्हापासून रसिकांचे लक्ष वेधले गेले. बासरीवादनाचे चित्र आणि सज्जाची रिकामी खोली आज बर्लिनच्या एकाच संग्रहात आहेत. चित्रशाळेची १८७२ मधील भिंत हॅम्बुर्गच्या कलादालनात आहे.