तीन देशांच्या शिवेवर

दोन शेतांमधला बांध हातभर सरकला, तरी सख्खे भाऊ कचेरीची पायरी चढतात. मग जेथे तीन देशांच्या शिवा एकत्र येतात, तेथे तंटा किती सहज उभा राहत असेल! दक्षिण अमेरिकेतील ब्राझीलच्या सीमेवर अशी नऊ ठिकाणे आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी पेटलेले भांडण पुन्हा भडकू नये म्हणून एक वृद्ध सेनानी चार वर्षे तळ देऊन राहिला. त्याचे नाव कांदिदो रोंदोन.

रोंदोन यांचा जन्म १८६५ साली मातो ग्रोसो प्रांतातील मिमोझो या खेड्यात झाला. वडील जन्मापूर्वीच वारले होते. पुढे दोन वर्षांत आईही गेली. आईकडून त्यांच्या अंगी तेथील आदिवासींचे रक्त आले होते. नातलगांनी या पोरक्या मुलाला वाढविले. सोळाव्या वर्षी तो रिओ द जानेरो येथे सैनिकी शाळेत दाखल झाला.

सैन्यात गेल्यावर रोंदोन यांच्या वाट्याला लढाई आली नाही, तर घोर अरण्यातून तारायंत्राचे खांब उभारण्याचे काम आले. त्या अरण्यात आदिवासी राहत. बाहेरून येणाऱ्यांनी आजवर त्यांना छळलेच होते. तेव्हा नव्या माणसांवर त्यांनी विश्वास का ठेवावा? १९०७ साली नांबिक्वारा लोकांनी रोंदोन यांच्यावर बाण सोडले. एक बाण त्यांच्या अंगावरील चामडी पट्ट्यात रुतला, म्हणून ते वाचले. सोबतचे शिपाई सूड घेण्यास उतावीळ झाले होते. परंतु रोंदोन यांनी त्यांना मागे फिरविले. आपला प्राण गेला तरी चालेल, पण आदिवासींचा प्राण घ्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यांनी रानात भेटवस्तू ठेवल्या आणि धीर धरला. हळूहळू ते लोक जवळ येऊ लागले. १९१० साली सरकारने आदिवासींच्या रक्षणासाठी खाते उघडले, तेव्हा रोंदोन हेच त्याचे पहिले प्रमुख झाले.

त्या तारेचा उपयोग मात्र फार काळ झाला नाही, कारण बिनतारी यंत्र आले. उलट तिच्याच वाटेने पुढे वसाहतवाले रानात शिरले व आदिवासींचे फार नुकसान झाले.

ब्राझीलची भूसीमा १६ हजार किलोमीटरहून अधिक लांब आहे. १९२७ साली सरकारने तिच्या पाहणीचे काम रोंदोन यांच्याकडे सोपविले. वयाची साठी उलटली होती, तरी ते होडीतून, घोड्यावरून आणि पायी हिंडले. त्याच वर्षी ते रोराइमा पर्वतावर चढले. हा पर्वत पाटासारखा सपाट माथ्याचा असून त्याच्या कडा तुटलेल्या भिंतींसारख्या उभ्या आहेत. ब्राझील, व्हेनेझुएला आणि तेव्हाची ब्रिटिश गियाना यांच्या सीमा त्या माथ्यावर मिळतात. तेथे भांडायला माणूसच नाही. खडक आणि ढग एवढेच काय ते आहे.

ॲमेझॉन नदीकाठच्या लेतिसिया गावाची गोष्ट निराळी होती. तेथे ब्राझील, कोलंबिया व पेरू यांच्या सीमा भिडतात. १९२२ च्या तहाने पेरूने हे गाव कोलंबियाला दिले. पण पेरूतील अनेकांना ते रुचले नाही. १९३२ च्या सप्टेंबरात पेरूच्या काही हत्यारबंद लोकांनी गाव बळकाविले आणि युद्ध जुंपले. राष्ट्रसंघाने मध्ये पडून वर्षभर गावाचा कारभार पाहिला. १९३४ साली दोन्ही देशांत करार झाला. तो नीट पाळला जातो की नाही हे पाहण्यास तिन्ही देशांचे मंडळ नेमले गेले. ब्राझीलच्या वतीने रोंदोन त्याचे अध्यक्ष झाले. तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते.

दमट हवा, डास आणि दोन्ही बाजूंच्या तक्रारी यांत त्यांची चार वर्षे गेली. याच काळात काचबिंदूने त्यांची दृष्टी अधू झाली. तरीही १९३८ साली मंडळाचे काम पुरे झाल्यावरच ते परतले. लेतिसिया कोलंबियाकडेच राहिले आणि युद्ध पुन्हा पेटले नाही.

१९५६ साली ब्राझीलच्या एका विस्तीर्ण प्रदेशाला त्यांच्यावरून रोंदोनिया हे नाव देण्यात आले. १९ जानेवारी १९५८ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, रोंदोन यांचे निधन झाले.

लेतिसिया आणि शेजारचे ब्राझीलचे ताबातिंगा ही गावे आता एकाच रस्त्याने जोडलेली आहेत. लोक बाजाराला पायीच या देशातून त्या देशात जातात; पेरूत जायचे तर होडीत बसतात. टिकुना जमातीचे लोक पूर्वीप्रमाणेच तिन्ही देशांत राहतात.