कै. प्रोफेसर केरूनाना छत्रे

इ.स. १८४० साली मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सोळा वर्षांचा एक मराठी मुलगा साहाय्यक म्हणून नोकरीस लागला. त्याच्यापाशी ना संपत्ती होती, ना पदवी. मुंबई विश्वविद्यालय स्थापन होण्यास तर अद्यापि सतरा वर्षांचा अवकाश होता. हाच मुलगा पुढे प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे या नावाने सर्व महाराष्ट्रास वंद्य झाला. लोक त्यांस प्रेमाने केरूनाना म्हणत.

त्यांचा जन्म १८२४ साली अलिबागेजवळील नागाव येथे झाला. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले. तथापि आप्तांच्या आश्रयाने मुंबईस शिकत असता बाळशास्त्री जांभेकर व प्रोफेसर ऑर्लिबार यांच्यासारखे गुरू त्यांस लाभले.

वेधशाळेतील काम दिसण्यात साधे, परंतु मोठ्या चिकाटीचे असे. रात्र असो वा दिवस, ठरल्या वेळी यंत्रांपाशी जाऊन उष्णता, चुंबकसूचीची हालचाल व हवेचा दाब यांची नोंद करावयाची. विद्यार्थिमित्रहो, डोळ्यांस न दिसणाऱ्या हवेचा दाब मोजावा कसा? पाऱ्याने भरलेली, एका टोकास बंद अशी लांब काचेची नळी पाऱ्याच्या पात्रात उपडी केली, तर सगळा पारा खाली येत नाही; समुद्रकाठी तो सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीवर ठरतो. पात्रातील पाऱ्यावर बाहेरची हवा दाब घालते, द्रवामधून तो दाब सर्व दिशांस पोहोचतो आणि नळीतील पाऱ्यास तोलून धरतो. ही युक्ती इटलीतील टॉरिसेली याने १६४३ साली शोधून काढली.

पारा पाण्याहून साडेतेरा पटींहूनही जड आहे; म्हणून तोच दाब पाण्यास सुमारे १० मीटर उंच तोलतो. विहिरीच्या काठावर बसविलेला पंप याहून खोलचे पाणी का ओढू शकत नाही, याचे कारण हेच. पाणी आपण ओढतो असे वाटते; वास्तविक ते बाहेरची हवा वर ढकलीत असते. आपले यवतमाळ समुद्रसपाटीहून सुमारे ४५० मीटर उंच असल्यामुळे आपल्या डोक्यावरील हवेचा थर तितका कमी आहे. म्हणून येथे पारा मुंबईपेक्षा सुमारे ४ सेंटीमीटर खाली राहतो.

आणखी एक नवल ऐका. आपल्या उष्ण प्रदेशात हा पारा दररोज दोनदा किंचित चढतो व दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास दाब अधिक, तर दुपारी व पहाटे चारच्या सुमारास कमी असतो. हा फरक दोन-तीन मिलिमीटरांचाच. परंतु जो नित्य पाहतो त्यासच तो दिसतो. एक दिवस आळस केला, की ती नोंद कायमची गेली. कारण गेलेल्या घटकेचा दाब पुन्हा मोजता येत नाही.

या शाळेत तयार झालेले केरूनाना १८५१ साली पुण्यास अध्यापक होऊन गेले व पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचेच शिष्य. इतका मान मिळूनही, इंग्रजी न जाणणाऱ्या मुलांस त्यांनी दूर लोटले नाही. अंकगणित व पदार्थविज्ञान यांवर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली. हवा, भरती-ओहोटी असे विषय मातृभाषेत समजावून सांगितले. आणि १८६० साली ग्रहांच्या गणिताची कोष्टके प्रसिद्ध केली. १८८४ साली त्यांचा देहान्त झाला.

मुलांनो, पदवी नसताही ज्ञानाचे द्वार त्यांस उघडले, ते रोजचे लहानसे काम चोख केल्यामुळे. आपल्या प्रयोगशाळेतील वायुभारमापक यंत्रासमोर उभे राहाल, तेव्हा या सोळा वर्षांच्या मुलाची आठवण करा, आणि दिसेल तोच आकडा प्रामाणिकपणे वहीत उतरवा.