बर्था बेंझ : रस्त्यात बंद पडलेली गाडी स्वतः चालू करणाऱ्या बाई



वाहतुकीची साधने शिकवताना आपण बैलगाडीपासून विमानापर्यंत सगळं सांगतो. मोटारीचा शोध कोणी लावला असं विचारलं की मुलं कार्ल बेंझ हे नाव सांगून मोकळी होतात. आज आपण त्यांच्या पत्नी बर्था बेंझ यांची माहिती पाहणार आहोत. गाडी तयार झाली खरी, पण ती लांबच्या रस्त्यावर बिघडली तर काय करायचं, हे जगात पहिल्यांदा करून दाखवलं ते या बाईंनी. तेव्हा गॅरेज नव्हतं, मेकॅनिक नव्हता आणि पेट्रोल पंपही नव्हता.

बर्था यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्झहाइम या गावी झाला. वडील कार्ल फ्रीडरिश रिंगर हे सुतारकाम आणि बांधकाम करणारे, पैशाने बऱ्यापैकी सुखवस्तू. मुलगी जन्मली तेव्हा घरातल्या बायबलमध्ये जन्माची नोंद करताना, दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली अशा अर्थाची ओळ लिहिली गेली आणि पुढे ती बर्थाच्या वाचनात आली असं सांगतात. वाचून कसं वाटलं असेल, ते आपल्याकडच्या कितीतरी मुलींना सांगावं लागणार नाही. शाळेत त्यांना विज्ञानाची आवड होती. पण त्या काळी मुलींना पुढे शिकायची सोयच नव्हती. त्यांच्या बाडेन प्रांतात मुलींना विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळू लागला तो १९०० साली.

१८६९ मध्ये एका सहलीत त्यांची कार्ल बेंझ या तरुण इंजिनिअरशी ओळख झाली. कार्ल हुशार, पण खिसा रिकामा. मानहाइम शहरात त्यांनी भागीदारीत कारखाना काढला आणि भागीदाराशी पटेना. तेव्हा बर्थाने लग्नाआधीच आपल्या हुंड्याच्या रकमेतून पैसे काढून घेतले आणि भागीदाराचा हिस्सा विकत घ्यायला मदत केली. (हो, हुंडा त्यांच्याकडेही होता.) १८७२ मध्ये लग्न झालं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अविवाहित असेपर्यंत बर्था आपला पैसा आपल्या मर्जीने गुंतवू शकत होत्या. लग्न झाल्यावर कायद्याने तो अधिकार नवऱ्याकडे गेला. पुढे २९ जानेवारी १८८६ रोजी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज झाला, त्यावर नाव एकट्या कार्ल यांचं होतं.

मधली वर्षं ओढाताणीची होती. मुलं लहान, कर्ज डोक्यावर. ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री जेवणं झाल्यावर बर्थानेच पुन्हा एकदा प्रयत्न करू म्हणून कार्ल यांना कारखान्यात नेलं आणि त्या रात्री त्यांचं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. सांगायचा मुद्दा असा, की या बाई इंजिनाजवळ वर्षानुवर्षं उभ्या होत्या. कुठली नळी कुठे जाते, ठिणगी कुठून पडते हे त्यांनी पाहून पाहून शिकलेलं होतं. डिप्लोमा नाही की कोर्स नाही.

आता खरी गोष्ट. १८८८ पर्यंत गाडीला पेटंट मिळून दोन वर्षं झाली, तरी लोक विकत घेईनात. मानहाइमच्या रस्त्यांवर लोक बघायला जमत, काही घाबरत. कार्ल स्वभावाने सावध, आणखी सुधारणा करू म्हणत बसायचे. घरातला सगळा पैसा त्या तीन चाकांत अडकलेला. ऑगस्ट १८८८ मध्ये शाळेला सुट्टी असताना बर्था एका पहाटे मुलांना घेऊन निघाल्या. अय्गेन १५ वर्षांचा आणि रिखार्ड अजून १४ पूर्ण नसलेला. नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि माहेरचा, फोर्झहाइमचा रस्ता धरला. अंतर साधारण १०४ किलोमीटर. मुलांना सांगताना मी पुणे ते सातारा म्हणते, म्हणजे पटकन कळतं. तोपर्यंत मोटारीने इतक्या लांब कोणीच गेलेलं नव्हतं.

गाडीचा वेग ताशी जेमतेम १६ किलोमीटर. इंधनाची वेगळी टाकी नव्हती, कार्बोरेटरमध्ये मावेल तेवढंच. त्यामुळे वीसलोख गावात पोचेपर्यंत इंधन संपत आलं. बर्था तिथल्या औषधाच्या दुकानात गेल्या आणि लिग्रॉइन मागितलं. लिग्रॉइन म्हणजे कपड्यांचे डाग काढायला वापरायचं पेट्रोलच्या जातीचं द्रावण. गाडी त्याच्यावरच चालायची. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं.

मग एकेक कुरबुर सुरू झाली. इंधनाची नळी कचऱ्याने तुंबली. बर्थाने टोपीला खोचलेली लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. पुढे ठिणगीच्या वायरवरचं आवरण घासून निघालं. उघडी वायर लोखंडाला टेकली की करंट भलतीकडे जातो आणि इंजिन गप्प बसतं. त्यांनी पायमोज्याचा इलॅस्टिकचा बंद काढून तिथे गुंडाळला. आज आपण काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतो, तत्त्व तेच. (पावसाळ्यात उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. सकाळी गाडी चालू झाली नाही तर फोन करायच्या आधी बॅटरी काढा आणि बॉनेट उघडून एकदा वायरींवर नजर टाका.)

चेन ताणून सैल झाली तेव्हा ब्रुखझाल गावात लोहाराकडे नेऊन ती नीट करून घेतली. स्वतः जे येतं ते करायचं आणि जे येत नाही त्यासाठी योग्य कारागीर गाठायचा, हे त्यांना बरोबर कळत होतं. आपण कधी कधी उलट करतो. हवा भरायला गॅरेजमध्ये जातो आणि ब्रेक स्वतः खोलून बसतो.

पाण्याचं तर विचारूच नका. त्या इंजिनात पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं, म्हणून वाटेत जिथे विहीर, ओढा, खानावळ दिसेल तिथे थांबून पाणी भरायचं. आजच्या गाडीत पाणी बंद चक्रात फिरतं, त्यामुळे कूलंट सहसा कमी होत नाही. झालं तर कुठेतरी गळती आहे असं समजायचं. गेल्या उन्हाळ्यात घाटात आमच्या जुन्या गाडीचा काटा लाल रेषेवर गेला आणि मी अतिहुशारीने लगेच रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. यजमानांनी हात मागे ओढला म्हणून वाचले. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल केलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि चांगला अर्धा-पाऊण तास थांबा. बंपर खालून हाताला गार लागला म्हणून फसू नका.

चढावर गाडी दमायची. दोनच गिअर होते. मग उतरून ढकला. आणि उतारावर उलटी पंचाईत, ब्रेक लागेना. ब्रेक म्हणजे लाकडाचे ठोकळे, ते चाकावर घासून घासून झिजले. बाउश्लोट गावात बर्थाने चर्मकाराला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. झिजणारा भाग वेगळा ठेवायचा, झिजला की तेवढाच बदलायचा. ब्रेक लायनर म्हणतात तो हाच.

हे मी चौथीच्या वर्गात सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. तिचे वडील गॅरेजमध्ये कामाला आहेत. लायनर संपला की ब्रेक दाबताना कर्र आवाज येतो, तसंच चालवलं तर लोखंड लोखंडावर घासून ड्रम खराब होतो आणि मग खर्च मोठा येतो, असं तिने सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं. मी विचारलं, तू कधी पाना हातात घेतलास का? तर म्हणाली, नाही बाई, दादा घेतो. पालकहो, मला त्या दिवशी घरी गेल्यावरही तेच आठवत होतं. इतकं सगळं तिला नुसतं दारात उभं राहून आलेलं. येत्या रविवारी ऑइलची पट्टी कशी बघायची, टायरमधली हवा कशी मोजायची, हे मुलाला दाखवाल तेव्हा मुलीलाही बोलवा एवढंच म्हणते.

दिवस मावळताना तिघं फोर्झहाइमला पोचले आणि बर्थाने कार्ल यांना तार केली. काही दिवसांनी वेगळ्या रस्त्याने त्या गाडी चालवतच परतल्या. जाऊन येऊन सुमारे १९४ किलोमीटर झाले. घरी आल्यावर चढावर गाडी कुठे कमी पडते ते सांगितलं, आणि कार्ल यांनी चढासाठी आणखी एक गिअर बसवला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं आणि पुढे विक्रीने जोर धरला. कार्ल यांनी १९२५ साली आत्मचरित्र लिहिलं, त्यात कठीण दिवसांत पत्नी एकटी पाठीशी उभी राहिली हे मोकळेपणाने मान्य केलं आहे. १९२९ मध्ये लाडेनबुर्ग येथे त्यांचं निधन झालं.

बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगल्या. कार्ल जिथे शिकले त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयाने बर्था यांना ९५व्या वाढदिवशी मानद सिनेटर ही पदवी दिली. दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, त्या गेल्या. २००८ पासून मानहाइम ते फोर्झहाइम या मार्गाला त्यांचं नाव आहे आणि वाटेवर तशा पाट्या लावलेल्या आहेत. भूगोलाच्या तासाला नकाशावर हा मार्ग मुलांकडून रेघेने जोडून घ्या : मानहाइम, हायडेलबर्ग, वीसलोख, ब्रुखझाल, फोर्झहाइम.

आणि मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, तयारीत राहा. आमच्याकडेही आला होता : बाई, त्यांनी स्टेपनी घेतली होती का? नव्हती घेतली. हवा भरायचे टायर मोटारीला लागले ते १८९५ च्या सुमारास. त्याआधी चाकं भरीव होती, पंक्चर व्हायचा प्रश्नच नव्हता.