प्रतिष्ठेची तहान

मोठ्या कंपन्यांच्या वाढीचा इतिहास बहुधा भांडवल, कारखाने आणि बाजारपेठा यांच्या आकड्यांत सांगितला जातो. तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. त्या आकड्यांमागे पुष्कळदा एखाद्या माणसाची न शमलेली आकांक्षा उभी असते. कॅनडातील ‘सीग्राम’ ही विसाव्या शतकातील जगातल्या सर्वांत मोठ्या मद्यकंपन्यांपैकी एक. तिचे शिल्पकार सॅम्युअल ब्रॉन्फमन १० जुलै १९७१ रोजी माँट्रियल येथे निवर्तले, तेव्हा शंभराहून अधिक देशांत त्यांचे मद्य विकले जात होते. संपत्ती मिळाली, सत्ता मिळाली. मात्र ज्या प्रतिष्ठेसाठी हा सारा खटाटोप केला, तिने अखेरपर्यंत त्यांना हुलकावणी दिली. ब्रॉन्फमन यांचे चरित्र उद्योजकतेची यशोगाथा म्हणून वाचले जातेच. परंतु कायदा, पैसा आणि लौकिक यांच्या परस्परसंबंधांविषयीचा धडा म्हणूनही ते वाचण्याजोगे आहे.

निर्वासिताचे घर

आपला जन्म कॅनडातील ब्रँडन गावी १८९१ मध्ये झाला, असे ब्रॉन्फमन सांगत. कागदपत्रे मात्र १८८९ या वर्षाकडे आणि रशियन साम्राज्यातील बेसाराबिया प्रांताकडे बोट दाखवतात. जन्मस्थानाविषयीची ही लपवाछपवी क्षुल्लक नव्हे. परका म्हणून ओळखले जाण्याचे भय त्यांच्या मनात किती खोल रुजले होते, याची ती खूण आहे.

वडील येकिएल हे बेसाराबियातील तंबाखूचे सधन बागाइतदार होते. झारच्या राज्यात ज्यूंचा छळ वाढला, तेव्हा १८८९ मध्ये त्यांनी कुटुंबासह कॅनडाचा रस्ता धरला. तेथील गोठवणाऱ्या थंडीत तंबाखू तग धरीना. मग रेल्वेमार्गावरची मजुरी, लाकडाच्या वखारीतले काम, जळाऊ लाकडे आणि गोठवलेली मासळी विकणे, घोड्यांचा व्यापार असे मिळेल ते काम या कुटुंबाने केले. घोड्याचा सौदा ठरला की गिऱ्हाईक आणि विक्रेता गावच्या हॉटेलात मद्याचा पेला घेऊन तो पक्का करीत. घोड्यांपेक्षा हा पेला विकणाराच अधिक कमावतो, हे लहानग्या सॅमने वडिलांच्या नजरेस आणले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, १९०३ मध्ये ब्रॉन्फमन कुटुंबाने हॉटेलच्या धंद्यात पाऊल टाकले, हे खरे. यिडिश भाषेत ‘ब्रॉन्फमन’ या आडनावाचा अर्थच मुळी मद्यवाला असा होतो, हा निव्वळ योगायोग म्हणायचा!

बंदीच्या फटी

पहिल्या महायुद्धाच्या काळात कॅनडातील एकेका प्रांताने दारूबंदी स्वीकारली. प्रांताच्या हद्दीत विक्रीला मनाई झाली. परंतु एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात टपालाने मद्य मागवण्यावर प्रांतिक सरकारांचा अधिकार चालत नव्हता. ही फट सॅम ब्रॉन्फमन यांनी अचूक हेरली. १९१६ मध्ये त्यांनी माँट्रियलला दुकान घेतले आणि टपालाद्वारे व्यापार आरंभला. १९१८ मध्ये केंद्र सरकारने ही वाट बंद केली, तेव्हा औषधी मद्याची वाट खुलीच होती. सस्कॅचवान प्रांतात ब्रॉन्फमन बंधूंनी औषधांची घाऊक कंपनी काढली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या मद्याला एकाएकी रोगी किती वाढले, हे निराळे सांगावयास नको.

१७ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी अमलात आली आणि या धंद्याचे स्वरूपच पालटले. अमेरिकेत मद्य विकणे गुन्हा होता. कॅनडातून ते निर्यात करणे गुन्हा नव्हता. सीमेलगतच्या लहान गावांत ब्रॉन्फमन यांची गोदामे उभी राहिली. अमेरिकेतून रात्री मोटारी येत, रोख रक्कम मोजली जाई आणि खोकी भरून मोटारी परत जात. सीमेपलीकडचा धोका सर्वस्वी खरेदीदाराचा असे. पण हा धोका नेहमीच सीमेपलीकडे राहिला नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये बियेनफे या गावी ब्रॉन्फमन यांचे मेहुणे पॉल मॅटॉफ यांची गोळी घालून हत्या झाली. मारेकऱ्याला शिक्षा कधीच झाली नाही. पुढे व्यापाराचे केंद्र पूर्वेकडे सरकले. न्यूफाउंडलंडजवळच्या सेंट पिएर आणि मिकेलाँ या फ्रेंच बेटांवरून जहाजे भरू लागली.

दारूबंदीचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरांतील स्त्रियांचा आक्रोश त्यामागे होता. परंतु मागणी कायम ठेवून केवळ पुरवठा अडवला, तर अडवलेल्या वस्तूची किंमत वाढते आणि ती वाढीव किंमत ज्याच्यापाशी धाडस व वकील असतील त्याच्या खिशात जाते. महाराष्ट्राला हा अनुभव परका नाही. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टी फोफावली, परवाने निघाले आणि ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीत कायमचा रुजला. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू केलेली बंदी २०२१ मध्ये उठवावी लागली. उलट गडचिरोलीत लोकचळवळीच्या बळावर १९९३ मध्ये आलेली बंदी टिकून राहिली. लोकमताचा पाठिंबा असणे आणि नसणे यांतले अंतर कायद्याच्या कलमांनी भरून निघत नाही.

काळाचे भांडवल

तस्करीच्या काळात पैसा अनेकांनी मिळवला. तो टिकवला फार थोड्यांनी. ब्रॉन्फमन यांचे वेगळेपण येथेच दिसते. १९२४ मध्ये त्यांनी माँट्रियलजवळ स्वतःची आसवनी काढण्यासाठी ‘डिस्टिलर्स कॉर्पोरेशन’ ही कंपनी स्थापन केली. १९२६ मध्ये स्कॉटलंडमधील बलाढ्य मद्यसंघाशी निम्म्या-निम्म्या हिश्शाची भागीदारी जुळवली. १९२८ मध्ये ऑन्टॅरिओतील वॉटरलू येथील जोसेफ सीग्राम यांची जुनी कंपनी विकत घेतली. १८५७ पासून चालत आलेल्या या आसवनीबरोबर त्यांना आणखी एक मोलाची वस्तू मिळाली, ती म्हणजे नाव. जोसेफ सीग्राम हे संसदेचे सदस्य होते आणि शर्यतीच्या घोड्यांचे नामांकित मालक होते. ब्रॉन्फमन यांनी कंपनीवर स्वतःचे आडनाव न घालता सीग्राम हेच नाव मिरवले.

अमेरिकेतील बंदी उठणार, हे त्यांनी आधीच ताडले होते. व्हिस्की ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरावी लागते. बंदी उठल्यावर नव्याने भट्टी पेटवणाऱ्याला चांगला माल विकण्यासाठी काही वर्षे थांबणे भाग होते. ब्रॉन्फमन यांनी ही वर्षे आधीच पिंपांत भरून ठेवली होती. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली, तेव्हा त्यांच्यापाशी मुरलेल्या व्हिस्कीचा प्रचंड साठा होता. त्याच वर्षी स्कॉटिश भागीदारांचा हिस्सा त्यांनी विकत घेतला आणि अमेरिकेत आसवन्या मिळवल्या. प्रतिस्पर्धी कच्ची व्हिस्की बाजारात ओतत असताना त्यांनी घाई केली नाही. जुन्या-नव्या मद्यांचे कुशल मिश्रण करून दरवेळी एकसारखी चव देणे, हे त्यांच्या धंद्याचे मर्म होते. १९३४ मध्ये आलेली ‘सेव्हन क्राउन’ ही व्हिस्की याच सूत्रावर उभी राहिली.

त्याच १९३४ मध्ये दोन परस्परविरोधी घटना घडल्या. लोकांनी मद्य बेताने घ्यावे, अशी जाहिरात सीग्रामने अमेरिकेत केली आणि सभ्य समाजाची वाहवा मिळवली. वर्षअखेरीस, डिसेंबरमध्ये, चौघा ब्रॉन्फमन बंधूंना जकात चुकवण्याच्या कटाच्या आरोपावरून कॅनडात अटक झाली. १९३५ मध्ये न्यायालयाने त्यांना मुक्त केले. अमेरिकी सरकारने थकलेल्या करांपोटी कॅनडातील मद्य उत्पादकांकडे मागितलेल्या ६ कोटी डॉलरची तडजोड ३० लाखांवर झाली आणि त्यातील निम्मी रक्कम ब्रॉन्फमन यांनी भरली. कायद्याचे खाते मिटले. लौकिकाचे मात्र मिटले नाही.

न मिळालेली खुर्ची

यापुढील विस्ताराकडे पाहिले, तर प्रत्येक पावलामागे मान्यतेची ओढ जाणवते. १९३९ मध्ये राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ कॅनडाच्या दौऱ्यावर आले, तेव्हा शेकडो मिश्रणे चाखून ब्रॉन्फमन यांनी ‘क्राउन रॉयल’ सिद्ध केली. १९४९ मध्ये स्कॉटलंडची ‘शिवास ब्रदर्स’ घेतली आणि पुढच्याच वर्षी स्ट्रॅथआयलाची जुनी आसवनी. कॅप्टन मॉर्गन रम, फ्रान्समधील मम शॅम्पेन, कॅलिफोर्नियातील वाइन अशी नाममुद्रांची मालिका वाढत गेली. १९६५ मध्ये विक्रीने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. न्यूयॉर्कला मुख्यालय बांधताना कन्या फिलिस लॅम्बर्ट यांनी वडिलांना खडसावले आणि सामान्य आराखडा रद्द करायला लावला. मीस व्हॅन डेर रोह यांनी उभारलेली ३८ मजली सीग्राम इमारत १९५८ मध्ये पुरी झाली. आधुनिक वास्तुकलेतील ती एक श्रेष्ठ कृती मानली जाते.

१९३९ ते १९६२ अशी तेवीस वर्षे ब्रॉन्फमन कॅनडाच्या ज्यू काँग्रेसचे अध्यक्ष होते. युरोपात ज्यूंचा संहार होत असताना आणि नंतर निर्वासितांच्या पुनर्वसनात त्यांनी केलेले कार्य मोठे आहे. मात्र सिनेटचे सदस्यत्व मिळावे, ही त्यांची उत्कट इच्छा फळली नाही. जुन्या धंद्याचा डाग आडवा आला, तसाच त्या काळच्या उच्चभ्रू समाजाचा ज्यूद्वेषही आडवा आला. १९६७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ मिळाली. सिनेटची खुर्ची नाही.

घरात त्यांची सत्ता निरंकुश होती. संताप अनावर, जीभ तिखट. ज्या भावांच्या खांद्याला खांदा लावून धंदा उभारला, त्यांना त्यांनी हळूहळू बाजूला सारले. धाकट्या अ‍ॅलन यांच्या मुलांना तर सीग्रामची दारेच बंद झाली. वारसा आपल्याच मुलांकडे राहावा, हा हेतू होता. तरीही तिसऱ्या पिढीची धास्ती त्यांना वाटे आणि ते ती बोलूनही दाखवीत.

तिसरी पिढी

ती धास्ती खरी ठरली. ब्रॉन्फमन यांनी १९६३ मध्ये घेतलेली टेक्ससमधील तेलकंपनी १९८० मध्ये सुमारे २३० कोटी डॉलरना विकली गेली आणि त्यातून पुढच्याच वर्षी ‘ड्यू पाँट’ या रसायन कंपनीचा मोठा हिस्सा सीग्रामकडे आला. बसल्या जागी लाभांश देणारी ही ठेव होती. नातू धाकटे एडगर यांना मात्र चित्रपट आणि संगीताची भुरळ पडली. १९९५ मध्ये ड्यू पाँटचा बहुतेक हिस्सा विकून त्यांनी हॉलीवूडची ‘एमसीए’ घेतली. १९९८ मध्ये ‘पॉलिग्राम’ ही संगीत कंपनी. २००० मध्ये सीग्राम ‘व्हिवेंडी’ या फ्रेंच कंपनीत विलीन झाली. २००२ पर्यंत व्हिवेंडीचे समभाग कोसळले आणि कुटुंबाच्या संपत्तीचा मोठा भाग विरून गेला. मद्याचा धंदा त्याआधीच, २००१ मध्ये, ‘दियाजिओ’ आणि ‘पेर्नो रिकार’ यांनी सुमारे ८१५ कोटी डॉलरना वाटून घेतला होता.

नाव तेवढे उरले. भारतात १९९५ मध्ये आलेल्या ‘रॉयल स्टॅग’च्या बाटलीवर ते झळकले, नाशिकच्या द्राक्षांपासून केलेल्या ‘नाइन हिल्स’ वाइनवरही. मद्याच्या जाहिरातीला येथे मनाई असल्याने संगीताच्या तबकड्या आणि लघुपट यांच्या आडून या मद्याचे नाव ग्राहकांपर्यंत पोहोचवण्यात आले. टपालाची फट शोधणाऱ्या १९१६ मधील तरुण व्यापाऱ्याला या युक्तीचे नवल वाटले नसते.

सॅम्युअल ब्रॉन्फमन यांची चिकाटी, दूरदृष्टी आणि दर्जाविषयीचा आग्रह वादातीत आहे. वर्षानुवर्षे थांबण्याची तयारी हे त्यांचे खरे भांडवल होते आणि नेमके तेच त्यांना नातवाच्या हाती देता आले नाही. पण त्यांच्या हिशेबवहीत एक रकाना कोराच राहिला. विकल्या गेलेल्या मद्याने किती घरांची चूल विझली, याची नोंद कोणत्याही मद्यकंपनीच्या ताळेबंदात नसते आणि बेताने पिण्याचा उपदेश करून तो रकाना भरत नाही. सिनेटची खुर्ची नाकारणाऱ्या समाजाने त्यांच्या मद्यावरील कर मात्र आनंदाने स्वीकारला. आजची सरकारेही उत्पादन शुल्काच्या उत्पन्नावर अवलंबून राहतात आणि त्याच तोंडाने व्यसनमुक्तीचे फलक लावतात. ब्रॉन्फमन यांच्या वाट्याला आलेला दुटप्पीपणा त्यांच्याबरोबर संपलेला नाही.