जॉन न्यूटन : गुलामांच्या जहाजाचा कप्तान

‘अमेझिंग ग्रेस’ हें उपासनागीत अनेकांच्या परिचयाचें आहे. परंतु त्याचा कर्ता एके काळीं गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

जॉन न्यूटनचा जन्म लंडन येथें १७२५ सालीं झाला. सातवें वर्ष पुरें होण्यापूर्वींच आई निवर्तली, व अकराव्या वर्षीं तो बापाच्या जहाजावर चढला. पुढें पश्चिम आफ्रिकेंत एका गोऱ्या गुलामव्यापाऱ्याच्या पदरीं राहून त्यास उपासमार, ज्वर व अपमान सोसावे लागले. १७४८ सालीं स्वदेशीं परततांना वादळांत जहाज बुडूं लागलें, तेव्हां त्यानें देवाचा धांवा केला. तो वांचला, पण तो धंदा मात्र सुटला नाहीं. १७५० ते १७५४ या काळांत त्यानें कप्तान म्हणून तीन सफरी केल्या.

या सफरींचा मार्ग नकाशावर काढला तर एक त्रिकोण होतो. कापड, बंदुका व दारू भरून जहाज लिव्हरपूलहून सिएरा लिओनच्या किनाऱ्यास जाई. तेथें तें नद्यांच्या मुखांशीं महिनेच्या महिने नांगरून राही, व होड्यांतून आणलेलीं माणसें साखळदंडांनीं जखडून खालच्या मजल्यावर कोंबलीं जात. मग ईशान्येकडील व्यापारी वारे शिडांत भरून जहाज वेस्ट इंडीजच्या बेटांकडे निघे. तेथील उष्ण भूमींत उंसाचे मळे होते, आणि मळेवाल्यांस फुकटचे मजूर हवे होते. माणसें विकून साखर घेतलेलीं जहाजें पश्चिमी वाऱ्यांच्या व गल्फ स्ट्रीमच्या साहाय्यानें घरीं परतत. न्यूटनच्या पहिल्या फेरीस सुमारें चौदा महिने लागले. सर्व युरोपीय व अमेरिकन जहाजें धरतां, साडेतीन शतकांत सुमारें १ कोटि २५ लाख आफ्रिकी माणसें अशीं नेलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें १८ लाख वाटेंतच मेलीं.

१७५४ सालीं न्यूटननें समुद्र सोडला, तो आजारामुळें, पश्चात्तापामुळें नव्हे. १७६४ सालीं तो ओल्नी येथें धर्मोपदेशक झाला, तरी या पापाविषयीं पुष्कळ वर्षें मूकच राहिला. अखेर १७८८ सालीं त्यानें एक पुस्तिका प्रसिद्ध करून आपला अपराध उघडपणें कबूल केला व डोळ्यांनीं पाहिलेले हाल जगापुढें मांडले. पार्लमेंटांत या व्यापाराविरुद्ध झगडणाऱ्या विल्यम विल्बरफोर्सचा तो सल्लागार होता. मार्च १८०७ मध्यें ब्रिटिश गुलामव्यापारबंदीचा कायदा झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूटन मरण पावला.

विद्यार्थीमित्रहो, व्यापारी वाऱ्यांचे बाण आपण नकाशावर नेहमीं काढतों. वाऱ्यानें वाट दिली. जहाजांत काय भरावें, हें मनुष्यानें ठरविलें. पुढच्या वेळीं ते बाण काढतांना याचें स्मरण ठेवा.